टिटलचे ते छायाचित्र अखेरच्या सामन्याचे नव्हे
डोक्यावरचे हेल्मेट निघालेले, टकलावरून रक्ताचे ओघळ आलेले आणि मैदानावर गुडघे टेकून बसलेला वाय. ए. टिटल, हे मॉरिस बर्मन यांनी टिपलेले छायाचित्र अमेरिकन फुटबॉलमधील या क्वार्टरबॅकच्या (चेंडू फेकून संघाचे आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूच्या) अखेरच्या सामन्याचे असल्याचे वर्षानुवर्षे सांगितले जाते; ते खरे नाही. ते २० सप्टेंबर १९६४ रोजी पिट्सबर्गमध्ये, म्हणजे हंगामातील दुसऱ्याच सामन्यात, घेतलेले आहे. प्रतिस्पर्धी पिट्सबर्ग स्टीलर्स संघाच्या जॉन बेकरच्या धडकेमुळे टिटलने फेकलेला चेंडू स्टीलर्सच्या हाती पडून त्यावर त्यांचा टचडाऊन (गुण मिळवून देणारी चाल) झाला, टिटलच्या मेंदूला हादरा बसला आणि छातीच्या हाडाला तडा गेला. तरीही ३७ वर्षांचा हा खेळाडू त्याच हंगामात आपल्या न्यूयॉर्क जायंट्स संघाकडून पुन्हा उतरला, आणि (कौतुकाच्या भरात हे सहसा वगळले जाते) संघाला १४ पैकी दोनच सामने जिंकता आले. निवृत्ती त्याने हंगाम संपल्यावर घेतली. गंमत म्हणजे, बर्मन यांच्या वृत्तपत्राने तेव्हा हे छायाचित्र छापलेच नव्हते.