प्रिय श्रोता: ‘अ लव्ह सुप्रीम’ची पार्श्वभूमी

अमेरिकन सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनच्या ‘अ लव्ह सुप्रीम’बद्दल बोलताना लोकांचा आवाज बदलतो. हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ते जरा जास्तच वाटलं होतं. ३३ मिनिटांची एक जॅझ रेकॉर्ड, चार वादक, एका संध्याकाळी वाजवलेली, आणि माणसं तिच्याबद्दल गाभाऱ्यासमोर उभं असल्यासारखं हळू बोलतात, कोणी सांगतं आजारपणात हीच ऐकत होतो, कोणी सांगतं घरातलं माणूस गेलं त्या रात्री हीच लावली होती. सॅक्सोफोन मलाही आवडतो पण आवडणं वेगळं आणि हे वेगळं. याचा उलगडा मला झाला तो रेकॉर्ड ऐकून नाही, तर मूळ एलपीच्या उघडणाऱ्या कव्हरच्या आत काय छापलंय ते वाचल्यावर. आत कोल्ट्रेनने स्वतः लिहिलेलं एक पत्र आहे आणि त्याची सुरुवात आहे ‘प्रिय श्रोता’. सोबत एक कविता आहे, तीही त्याचीच. म्हणजे ही रेकॉर्ड ऐकणाऱ्याच्या नावानेच आलेली आहे, आणि ती कशी ऐकायची तेही त्याने तिथेच लिहून ठेवलंय, फक्त ते नीट उमजायला बहुतेकांना खूप वर्षं लागली.

सुरुवात १९५७ पासून करावी लागते, कारण पत्रात तो स्वतः तिथूनच करतो. तेव्हा तो ३० वर्षांचा होता, ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या गाजलेल्या क्विंटेटमध्ये, म्हणजे पाच जणांच्या बँडमध्ये, टेनर सॅक्सोफोन वाजवत होता, आणि हेरॉइन आणि दारूत पुरता बुडालेला होता. स्टेजवर डुलक्या घेणं, वेळेवर न येणं, शेवटी त्या वसंतात माइल्सने त्याला काढून टाकलं. फिलाडेल्फियाला आईच्या घरी जाऊन त्याने व्यसन सोडलं, औषधाशिवाय, एका खोलीत पडून. पत्रात तो या सगळ्या त्रासाबद्दल एक शब्द बोलत नाही. एवढंच लिहितो की १९५७ साली देवाच्या कृपेने मला एक जाग आली, आणि तेव्हा मी मागितलं की संगीतातून लोकांना आनंद देण्याचं साधन आणि मान मला मिळू दे. पुढे हेही कबूल करतो की मधल्या काळात मी पुन्हा भरकटलो होतो. एवढ्या प्रामाणिकपणे अनोळखी ऐकणाऱ्याला लिहिणारा वादक मला दुसरा आठवत नाही.

देवाचं हे बोलणं त्याच्याकडे अचानक आलेलं नाही. त्याचा जन्म १९२६ चा, नॉर्थ कॅरोलायनातल्या हॅम्लेटचा, आणि वाढला तो त्याच राज्यातल्या हाय पॉइंटला. आईचे वडील आणि वडिलांचे वडील, दोन्ही आजोबा चर्चमध्ये प्रवचन देणारे, कृष्णवर्णीयांच्या मेथडिस्ट चर्चचे. तो १२ वर्षांचा असताना वडील आणि आजोबा थोड्याथोडक्या अंतराने गेले. त्या चर्चमधलं प्रवचन म्हणजे नुसतं बोलणं नसतं, एकाच सुरावर शब्द म्हणत म्हणत वर चढायचं, आणि वाक्य संपताना खाली उतरायचं, समोरचे लोक उत्तर देतात आणि पुढचं वाक्य आणखी वरून सुरू होतं. ही चाल लक्षात ठेवा, शेवटच्या भागात ती लागणार आहे.

मधली काही वर्षं भराभर सांगतो. व्यसन सुटल्यावर १९५७ मध्येच पियानिस्ट थेलोनियस मंकबरोबर न्यूयॉर्कच्या फाइव्ह स्पॉट क्लबमध्ये वाजवणं, मग परत माइल्सकडे, मग १९६० मध्ये स्वतःचा बँड. पियानोवर मॅकॉय टायनर, ड्रम्सवर एल्विन जोन्स, आणि १९६१ च्या शेवटाकडे बासवर जिमी गॅरिसन आला की ते चौघं पूर्ण झाले. लोकांना तो आवडत होता, पण सगळ्यांना नाही. लांबच लांब सोलो, एकाच स्वरसमूहावर अर्धा अर्धा तास, आणि त्यात सोबत दुसरा सॅक्सोफोनवाला एरिक डॉल्फी, हे ऐकून १९६१ च्या नोव्हेंबरात ‘डाउनबीट’ या जॅझवरच्या नियतकालिकात एका समीक्षकाने याला चक्क जॅझविरोधी म्हटलं. पुढच्या वर्षी त्याच नियतकालिकाने कोल्ट्रेन आणि डॉल्फीला उत्तर द्यायला बोलावलं. कोल्ट्रेन चिडला नाही, संगीतकाराला ऐकणाऱ्यापुढे विश्वाच्या अद्भुत गोष्टींचं चित्र ठेवायचं असतं अशा अर्थाचं काहीतरी तो शांतपणे बोलला. मला वाटतं ‘अ लव्ह सुप्रीम’चं बी तिथेच दिसतं, त्याला समीक्षकाला पटवायचं नव्हतं, ऐकणाऱ्याला काहीतरी द्यायचं होतं.

१९६४ साली तो पुढे त्याची पत्नी झालेल्या अ‍ॅलिसबरोबर न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर डिक्स हिल्सला राहायला गेला. अ‍ॅलिस स्वतः पियानिस्ट आणि पुढे हार्पवादक. त्या वर्षी त्यांचा पहिला मुलगा जन्मला. तिने नंतर सांगितलेली आठवण प्रसिद्ध आहे, की तो वरच्या मजल्यावर काही दिवस एकटाच बसला, फारसं खाली आला नाही, आणि उतरला तेव्हा मोझेस डोंगरावरून खाली आल्यासारखा दिसत होता, इतका शांत. म्हणाला की पहिल्यांदाच मला सगळं संगीत एकत्र मिळालंय, सगळं तयार आहे.

रेकॉर्डिंग ९ डिसेंबर १९६४, बुधवार, संध्याकाळी. न्यू जर्सीत एंगलवूड क्लिफ्सला रूडी व्हॅन गेल्डरचा स्टुडिओ. हा माणूस कित्येक वर्षं दिवसा चष्म्याचे नंबर काढायचा आणि रात्री आईवडिलांच्या दिवाणखान्यात जॅझ रेकॉर्ड करायचा, मग १९५९ मध्ये त्याने हा स्टुडिओ बांधला, लाकडी कमानींचं उंच छत असलेला, आत गेलं की चर्चच आठवावं असा. चौघांनी चारही भाग त्या एका बैठकीत वाजवले. दुसऱ्या दिवशी सॅक्सोफोनवादक आर्ची शेप आणि बासवादक आर्ट डेव्हिसला घेऊन पहिला भाग पुन्हा करून पाहिला, पण रेकॉर्डवर घेतली ती आदल्या संध्याकाळचीच चौघांची.

आता ऐकायला काय आहे ते बघू. सुरुवातीला एक गाँग, मग टेनरची एक मोठी हाक, आणि ती विरता विरता बासवर चार सुरांचा तुकडा सुरू होतो. आपल्या भाषेत सांगायचं तर सा, कोमल गंधार, परत सा, मग मध्यम. बस, एवढंच. ‘अ लव्ह सुप्रीम’ या शब्दांची चार अक्षरं आणि हे चार सूर, पण हे जोडलेले आहेत हे अजून ऐकणाऱ्याला माहीत नाही. कोल्ट्रेन त्यावर सोलो वाजवतो, चांगला तापतो, आणि मग एक विलक्षण गोष्ट करतो. तोच चार सुरांचा तुकडा घेऊन तो बाराही पट्ट्यांमधून फिरवतो, षड्ज बदलत बदलत, खाली गॅरिसन आपल्या जागेवरून हलत नाही आणि वर हा प्रत्येक दार वाजवून आल्यासारखा सगळीकडे जाऊन येतो. मग सॅक्सोफोन खाली ठेवतो आणि तेच चार सूर तोंडाने म्हणतो, ‘अ लव्ह सुप्रीम, अ लव्ह सुप्रीम’, एकोणीस वेळा. जाड, थोडा खरखरीत आवाज, गायकाचा नाही. नामस्मरण माहीत असलेल्या माणसाला इथे कुणी काही समजावून सांगायला नको. आणि शेवटी शेवटी पट्टी एक पूर्ण सूर खाली सरकते, तिथे माझा श्वास दरवेळी किंचित थांबतो.

दुसरा भाग धुनेचा, एलपीची पहिली बाजू तिथे संपते. तिसरा एल्विन जोन्सच्या ड्रम सोलोने उघडतो आणि सुसाट जातो, शेवटी गॅरिसन एकटा उरतो, आणि त्याच्या बासवरूनच चौथा भाग सुरू होतो. त्याचं नाव ‘साम’, बायबलमधलं स्तोत्र म्हणतात ते. इथे ताल नाही. एल्विन टिंपनीवर, म्हणजे मोठ्या नगाऱ्यांवर, घुमतो, झांजा हळूच उसळतात, पियानो मोठे मोठे सूर दाबून ठेवतो, आणि वर सॅक्सोफोन काहीतरी बोलत राहतो. सुरुवातीला अनेकांना हा भाग सगळ्यात निसटता वाटतो, कारण धरायला ना धून ना ठेका.

गंमत अशी की कोल्ट्रेनने कव्हरवर साफ लिहिलं होतं की शेवटचा भाग म्हणजे आत लिहिलेल्या मजकुराचं सुरांतलं कथन आहे. लोकांनी ते वाचलं आणि वाटून घेतलं की कवितेचा भाव वाजवलाय. ल्युइस पोर्टर नावाच्या संगीत अभ्यासकाने १९८५ मध्ये सविस्तर लेख लिहून दाखवलं की भाव वगैरे नाही, तो ती कविता अक्षर अक्षर वाजवतोय. कविता समोर धरून ऐका, प्रत्येक शब्दाला सूर आहे, आणि जिथे जिथे ‘थँक यू गॉड’ येतं तिथे तो वरून उतरत षड्जावर येऊन टेकतो. आजोबांच्या प्रवचनाची तीच चाल.

आपल्याकडे लग्नात बँडवाला क्लॅरिनेटवर गाणं वाजवतो तेव्हा मांडवातल्या बायकांच्या ओठांवर आपोआप शब्द येतात, हार्मोनियमवर नाट्यपद वाजलं तरी तेच, आणि सतारीत तर गायकी अंग म्हणून वेगळी वाटच आहे. म्हणजे वाद्यातून शब्द ऐकू येणं आपल्याला नवीन नाही. पण तिथे गाणं आधी माहीत असतं. इथे वाजवणाऱ्याकडे शब्द होते आणि ऐकणाऱ्याला पत्ताच नव्हता की आपण शब्द ऐकतोय, कव्हर मांडीवर असूनसुद्धा. आणि तरीही त्या वीस वर्षांत लोक याला प्रार्थनाच म्हणत आले! हे मला सगळ्यात मोठं वाटतं. ओळ कळली नव्हती पण ती देवाशी चाललेली आहे हे कळलं होतं.

रेकॉर्ड १९६५ च्या सुरुवातीला आली. त्याच ‘डाउनबीट’च्या वाचकांनी त्या वर्षी तिला वर्षातली सर्वोत्तम रेकॉर्ड म्हणून निवडलं आणि कोल्ट्रेनला हॉल ऑफ फेममध्ये नेलं. त्याच्या एरवीच्या रेकॉर्ड ३० हजारांच्या आसपास खपायच्या, ही १९७० पर्यंत ५ लाखांच्या घरात गेली. नागरी हक्कांच्या लढ्याचा काळ होता, १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये बाँब फुटून चार मुली गेल्या होत्या आणि कोल्ट्रेनने त्यावर दोनच महिन्यांत ‘अलाबामा’ वाजवलं होतं, त्यामुळे ऐकणाऱ्यांना ठाऊक होतं की या माणसाचं प्रेम हे बोलायचं प्रेम नाही. पुढे त्याचं संगीत फार उग्र झालं, टायनर आणि जोन्स बँड सोडून गेले, बरेच श्रोतेही उठून गेले, आणि १७ जुलै १९६७ ला यकृताच्या कॅन्सरने तो गेला, वय ४०.

भारताचा धागा खरा आहे पण तो ताणू नये. कोल्ट्रेन भारतात कधी आला नाही. रविशंकरांचं वादन तो मन लावून ऐकायचा, त्यांना भेटला, त्यांच्याकडून रागसंगीत समजून घेतलं, १९६१ मध्ये ‘इंडिया’ नावाची रचना वाजवली आणि १९६५ मध्ये झालेल्या मुलाचं नाव रवी ठेवलं, जो आज स्वतः नावाजलेला सॅक्सोफोनवादक आहे. रविशंकरांना मात्र त्याच्या संगीतातली अस्वस्थता खटकली होती आणि त्यांनी ते लपवलं नाही. अ‍ॅलिस पुढे पूर्णपणे वेदान्ताकडे वळली, तिने १९७२ मध्ये ‘अ लव्ह सुप्रीम’ स्वामी सच्चिदानंदांच्या आवाजासह पुन्हा केलं आणि नंतर कॅलिफोर्नियात आश्रम काढून भजनं गायली. आपल्या मुंबईत आला तो कोल्ट्रेनचा समकालीन आणि मित्र, सॅक्सोफोनवादक सनी रोलिन्स, साठच्या दशकाच्या शेवटाकडे पवईला स्वामी चिन्मयानंदांच्या आश्रमात राहिला, आणि १९७८ मध्ये ‘जॅझ यात्रा’ या महोत्सवाच्या पहिल्या वर्षी मुंबईकरांनी त्याला स्टेजवर ऐकलं.

श्रोते किती पुढे जाऊ शकतात याचं टोक सॅन फ्रान्सिस्कोत आहे. १९६५ मध्ये एका तरुण जोडप्याने तिथल्या क्लबात कोल्ट्रेनला ऐकलं आणि त्यांना तो सुरांनी केलेला बाप्तिस्माच वाटला. त्यातून पुढे कोल्ट्रेनच्या नावाचं चर्चच उभं राहिलं, १९८२ मध्ये ते आफ्रिकन ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये सामील झालं आणि कोल्ट्रेन तिथे संत झाला. लोक आपापली वाद्यं घेऊन येतात आणि उपासनेत ‘अ लव्ह सुप्रीम’ वाजतं. बाहेरून बघणाऱ्याला विचित्र वाटेल, पण ज्याने आळंदीच्या वाटेवर टाळ धरलेत त्याला वाटू नये.

दुसरी गोष्ट एका टेपची. पूर्ण ‘अ लव्ह सुप्रीम’ लोकांसमोर फक्त एकदाच, जुलै १९६५ मध्ये फ्रान्सच्या आंतीबला वाजलं असं पुष्कळ वर्षं समजलं जायचं. पण त्याच वर्षी २ ऑक्टोबरला सिअ‍ॅटलच्या पेंटहाउस क्लबमध्येही ते वाजलं होतं, सात वादकांनी, तासाभराहून जास्त, आणि जो ब्राझील नावाच्या स्थानिक सॅक्सोफोनवादकाने ते टेप करून ठेवलं होतं. ती टेप त्याच्याकडेच राहिली, २००८ मध्ये तो गेला, आणि २०२१ मध्ये ती जगाने ऐकली.

आज बहुतेक जण हे फोनवर ऐकतात. तिथे कव्हरचा चौकोन दिसतो, काळापांढरा फोटो, कोल्ट्रेन बाजूला बघतोय. पण तो चौकोन उघडत नाही. आतलं पत्रही नाही, कविताही नाही, म्हणजे ‘प्रिय श्रोता’ म्हणून ज्याला लिहिलं त्याच्यापर्यंत फक्त आवाज पोचतो. याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून मी ती कविता वहीत हाताने उतरवून घेतली. रात्री चौथा भाग लावला आणि ओळीवर बोट ठेवून ऐकत गेलो, दोनदा चुकलो, परत मागे गेलो, तिसऱ्यांदा बोट आणि सूर बरोबर चालायला लागले. अभंगाच्या शेवटी नाव येतं तसं कवितेखाली त्याने सही केलीय, जॉन कोल्ट्रेन, डिसेंबर १९६४. त्याच्या आधीचा शब्द ‘आमेन’. तो वाजून होतो, आणि खाली टिंपनी थोडा वेळ घुमत राहते.