जी६पीडी न्यूनता आणि स्वमग्नता

ग्लुकोज-६-फॉस्फेट डिहायड्रोजनेज (जी६पीडी) या विकराची (एन्झाइमची) जन्मजात कमतरता आणि स्वमग्नता यांच्यात काही नाते असावे, असा कयास गेल्या दोन दशकांत मांडला गेला आहे. तो अद्याप सिद्ध झालेला नाही.

जगात सुमारे ४० कोटी लोकांत ही न्यूनता आढळते. जनुक क्ष गुणसूत्रावर असल्याने त्रास मुख्यतः मुलग्यांना होतो. मुंबईच्या पारशी समाजात तिचे प्रमाण बरेच आहे. भारतात आढळणाऱ्या एका प्रकाराच्या नावात तर कल्याण शहरच आहे. एरवी मूल ठणठणीत असते. प्रायमाक्वीनसारखे हिवतापावरचे औषध, बाकल्याच्या शेंगा किंवा कपाटातल्या डांबरगोळ्या यांच्याशी गाठ पडली की तांबड्या पेशी भराभर फुटतात, लघवी काळपट होते आणि कावीळ दिसते.

कयासाचे मूळ ग्लुटाथायोनमध्ये आहे. हे द्रव्य पेशीला ऑक्सिडीकरणापासून वाचवते आणि ते वापरून झाल्यावर पुन्हा कामाला लावण्यासाठी जी६पीडीची मदत लागते. अमेरिकेत जिल जेम्स आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये स्वमग्न मुलांच्या रक्तात ग्लुटाथायोन कमी असल्याचे दाखवले. त्यानंतर दोन्ही धागे जोडले जाणे साहजिकच होते. २००९ मध्ये सौदी अरेबियातून दोन्ही स्थिती एकत्र असलेल्या काही मुलांची नोंद प्रसिद्ध झाली. पण जिथे न्यूनता मुळातच सर्रास आढळते, तिथे असा योग निव्वळ योगायोगानेही येतो.

मोठी अडचण जीवशास्त्राची आहे. तांबड्या पेशीत केंद्रक नसते, त्यामुळे जुने विकर झिजले की नवे बनत नाही. मेंदूच्या पेशी ते बनवत राहतात, शिवाय त्यांच्याकडे इतर मार्गही असतात. म्हणून रक्तातली कमतरता मेंदूतही तितकीच असेल, असे गृहीत धरता येत नाही. दोन्ही गोष्टी मुलग्यांत जास्त दिसतात, हा युक्तिवाद तर फारच लंगडा: क्ष गुणसूत्रावर शेकडो जनुके आहेत.

नवजात काविळीचा दुवा त्यामानाने विचार करण्याजोगा आहे. न्यूनता असलेल्या बाळात बिलिरुबिन (काविळीचे पिवळे द्रव्य) वेगाने वाढू शकते आणि फार चढले तर मेंदूला इजा होते. त्या इजेतून प्रामुख्याने बहिरेपणा व हालचालींतले दोष उद्भवतात. काविळीचा स्वमग्नतेशी संबंध डेन्मार्कच्या २०१० मधील अभ्यासात दिसला, कॅलिफोर्नियातील २००५ च्या अभ्यासात दिसला नाही.

पालकांच्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा उपचारांचा आहे. स्वमग्नतेवर ‘पर्यायी’ म्हणून शिरेतून दिले जाणारे क जीवनसत्त्वाचे मोठे डोस किंवा मिथिलीन ब्लू हे निळे औषधी रंगद्रव्य न्यूनता असलेल्या मुलाच्या जिवावर बेतू शकतात. चाचणीचीही एक खोच आहे: पेशी नुकत्याच फुटल्या असतील तर रक्तात कोवळ्या पेशी जास्त असतात आणि विकराचा आकडा फसवा, नॉर्मल येतो. अशा वेळी काही आठवड्यांनी चाचणी पुन्हा करावी लागते.