बेळगाववरील कंपनीचा अंमल : हेतू आणि परिणामांविषयीचा वाद

एप्रिल १८१८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेने बेळगावचा किल्ला घेतला आणि मलप्रभा-घटप्रभेच्या मुलखात पेशव्यांच्या जागी कंपनीचा अंमल आला. तो कशासाठी आला आणि त्याने काय केले, यावर बेळगाव, खानापूर, निपाणी भागात आजही एकमत नाही. वाद शब्दापासूनच सुरू होतो. जुन्या दप्तरी मराठीत ‘ठाणे बसले’ म्हणतात, शाळेच्या पुस्तकात मुलूख ‘खालसा’ होतो, ज्याचे वतन गेले त्याच्या घरी ती ‘जप्ती’ असते आणि बेळगाव-धारवाडच्या मधल्या कित्तूर संस्थानाकडचा माणूस सरळ ‘आक्रमण’ म्हणतो. जो शब्द उचलावा, त्याच्या पोटात हेतूचा निकाल आधीच लागलेला असतो.

किल्ला तेराव्या शतकाच्या आरंभीचा, रट्टांच्या काळातला. रट्टांनंतर यादव, विजयनगर, बहमनी, आदिलशाही, मोगल आणि मराठे अशी त्याची मालकी फिरली. म्हणजे बाहेरून आलेली फौज ही या तटाला नवी गोष्ट नव्हती. कंपनीच्या बाजूने सेनापती होता टॉमस मन्रो. त्याच्याकडे कवायती शिपाई थोडे होते, कारण मोठ्या पलटणी बाजीरावाच्या पाठलागावर होत्या. मग त्याने मुलखातलीच शिबंदी, म्हणजे स्थानिक भाडोत्री शिपाई, उभी केली, गावोगावी आपले अंमलदार नेमले आणि त्यांच्याकरवी पेशव्यांचे कमाविसदार, म्हणजे वसुली अंमलदार, हाकलले. किल्ल्याने मात्र एकवीस दिवस दम धरला.

मराठी सांगण्यात हा शिबंदीचा भाग बहुधा गाळला जातो. तो गाळला की हेतूंची चर्चा फार सोपी होते : परका आला, आपला हरला. प्रत्यक्षात दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मामलती, म्हणजे तालुक्यांच्या वसुलीचे अधिकार, आगाऊ पैसा घेऊन मक्त्याने दिल्या जात. मक्तेदार दिलेला पैसा व्याजासकट रयतेकडून काढून घेई. अशा रयतेला पुण्याचा मामलेदार तरी किती आपला वाटत असेल? कित्तूरच्या देसायांचे, म्हणजे तिथल्या संस्थानिकांचे, दुखणे आणखी जुने. मल्लसर्ज देसायांना बाजीरावाने पुण्यात अडकवून ठेवले होते. बेळगावच्या वेढ्यात कित्तूरने मन्रोला मदत केली, ती या हिशेबाने. बेळगावला अगदी चिकटून असलेले शहापूर सांगलीकर पटवर्धनांकडेच राहिले आणि १९४८ पर्यंत सांगली संस्थानातच होते. सगळ्यांवर एकदम वरवंटा फिरला, असे झाले नाही.

हेतूंबाबत कंपनीचे स्वतःचे म्हणणे बंदोबस्ताचे : पेंढारी, बंडखोर देसाई आणि मोडलेली वसुली यांतून मुलूख सोडवला. राष्ट्रीय वृत्तीच्या इतिहासकारांनी महसुलाकडे बोट दाखवले. दोन्ही खरे आहे. पण बेळगावपुरते बोलायचे तर नकाशा अधिक बोलका वाटतो. सह्याद्रीच्या माथ्यालगत, खाली सावंतवाडी आणि पोर्तुगिजांचा गोवा, मागे कोल्हापूर, पुढे धारवाड आणि म्हैसूरची वाट. त्यात गोऱ्या शिपायांना मानवणारी थंड हवा. ‘बेळगावची हवा’ हे इथल्या माणसाचे आवडते कौतुक, पण छावणी इथे बसण्यामागे तीही होती, हे त्याला सहसा आठवत नाही. छावणीचा उपयोगही लगेच दिसला. १८४४ मध्ये कोल्हापूरच्या गडकऱ्यांनी, म्हणजे गडांवरच्या पहारेकऱ्यांनी, सामानगडावर बंड केले, तेव्हा फौज बेळगावहूनच गेली.

वाद सर्वांत तापतो तो कित्तूरवर. सप्टेंबर १८२४ मध्ये शिवलिंगरुद्र देसाई निपुत्रिक वारले. दत्तक झाला होता, पण तो देसाई हयात असताना झाला का, पत्रावरची सही खरी का, असा संशय धारवाडचा कलेक्टर थॅकरे याने काढला आणि खजिन्यावर मोहरा लावल्या. २३ ऑक्टोबरला कित्तूरकरांनी वेशीबाहेर झडप घातली, त्यात थॅकरे मारला गेला. डिसेंबरमध्ये मोठी फौज येऊन किल्ला पडला आणि मल्लसर्जांच्या विधवा राणी चन्नम्मा बैलहोंगलला कैदेत गेल्या. १८२९ मध्ये तिथेच त्यांचा अंत झाला. या प्रकरणाला अनेक भाषणांत ‘डलहौसीचे धोरण’ म्हणतात. ते चूक आहे. डलहौसी हिंदुस्थानात आला १८४८ मध्ये. वारस नाकारण्याची युक्ती त्याच्या आधी चोवीस वर्षे कित्तूरला वापरून झाली होती. आणि ज्यांनी सहा वर्षांपूर्वी मन्रोला हात दिला, त्यांच्याच दारात ती आली. कंपनीचा हेतू १८१८ च्या जाहीरनाम्यांत शोधण्यापेक्षा इथे शोधावा.

परिणाम शेतसनद्यांच्या जमिनीत दिसतात. शेतसनदी म्हणजे गावच्या पहाऱ्याच्या चाकरीबद्दल जमीन कसणारा माणूस. नव्या बंदोबस्तात या चाकरीचा भाव उतरला, जमिनी जप्त झाल्या, उरल्या त्यांवर सारा चढला. संगोळी रायण्णा हा असाच एक शेतसनदी. १८३० मध्ये त्याच्या माणसांनी खानापूर तालुक्यातील बिडीची कचेरी जाळली. कचेरी जाळणे म्हणजे दप्तर जाळणे, आणि दप्तरातच कोणाची जमीन गेली ते लिहिलेले असते. पुढच्या वर्षी, २६ जानेवारी १८३१ रोजी, त्याला नंदगडला फाशी दिले. तिथे त्याच्या समाधीजवळच्या वडाला मूल मागणाऱ्यांनी बांधलेले लहान लाकडी पाळणे लोंबत असतात. आजूबाजूची गावे बहुतेक मराठी आहेत. पाळणा बांधणारी बाई रायण्णा कोणत्या भाषेचा हे विचारत नाही. तो वाद शहरात चालतो.

१८३६ मध्ये धारवाडपासून बेळगाव जिल्हा वेगळा झाला. छावणीला लोक आजही ‘कॅम्प’च म्हणतात. १९२२ पासून मराठा रेजिमेंटचे केंद्र बेळगावात आहे. खानापूर-चंदगडची पोरे आजही इथे भरतीला उभी राहतात. परक्या फौजेने मांडलेला तळ तीन-चार पिढ्यांत घरच्या भाकरीचा आधार झाला. हा कंपनीचा उपकार मानावा, असे अर्थातच कोणी म्हणत नाही.

आणखी एक परिणाम कागदी आहे, पण त्याला धार आहे. कंपनीने या साऱ्या भागाला ‘दक्षिण मराठा प्रदेश’ असे नाव दिले. पुढे रेल्वे कंपनीच्या पाटीवरही तेच आले. हे नाव पटवर्धनांसारख्या मराठा सत्तेच्या सरदारांमुळे पडले होते, बोलीमुळे नव्हे. तरी १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेल्यावर सीमावादात मराठी बाजूने ते पुरावा म्हणून पुढे केले, आणि कन्नड बाजूने ते परक्यांनी चिकटवलेले लेबल म्हणून झटकले. राज्यकर्त्याने सोयीसाठी लिहिलेला शब्द दोन्हीकडच्या वकिलांना पुरला.

ऑगस्ट २०२० मध्ये बेळगावजवळ पिरनवाडीच्या चौकात रायण्णाचा पुतळा रातोरात बसवला गेला. मराठी मंडळी त्या चौकाला शिवाजी चौक म्हणत. दोन-तीन दिवसांच्या तणावानंतर तडजोड झाली : पुतळा रायण्णाचा राहिला, चौकाला नाव शिवाजी महाराजांचे.