दोन 'इंजिन ६९': लॉस एंजेलिस शहराचं आणि कौंटीचं

लॉस एंजेलिस शहराचं अग्निशमन दल वेगळं आणि लॉस एंजेलिस कौंटीचं (कौंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा भाग) वेगळं. जानेवारी २०२५च्या वणव्यांत पॅसिफिक पॅलिसेड्स शहराच्या हद्दीत होतं, आल्टाडीना कौंटीच्या. बातम्या बघणाऱ्याला मात्र सगळे लाल बंब सारखेच. त्यात नंबरही जुळतात. शहराचं ६९ नंबरचं केंद्र पॅसिफिक पॅलिसेड्समध्ये, तर कौंटीचं ६९ नंबरचं केंद्र शेजारच्या टोपांगात. दोन्हीकडच्या बंबाचं नाव 'इंजिन ६९'.

बंबाला केंद्राचाच नंबर द्यायचा, हा नियम दोन्ही दलांत आहे. खरा फरक गाडीवरच्या माणसांत आणि जादा गाड्यांत दिसतो.

शहराचं हॉलिवूडमधलं २७ नंबरचं केंद्र बघा. तिथली शिडीची गाडी म्हणजे ट्रक २७. ती एकटी निघत नाही, सोबत इंजिन २२७ असतं. या जोडीला लाइट फोर्स म्हणतात. ट्रकवर पाच जण आणि २२७वर एरवी एकटा इंजिनिअर, म्हणजे गाडी चालवणारा आणि पंप सांभाळणारा. झाले सहा. इंजिन २७चे चौघे त्यात आले की दहा जणांचा टास्क फोर्स. म्हणजे 'इंजिन २२७ निघालं' एवढंच ऐकून चार माणसं येतील असं धरलं, तर हिशेब चुकलाच. अॅम्ब्युलन्सचंही तसंच: ८००च्या मालिकेतल्या गाडीवर पॅरामेडिक, म्हणजे पुढचे तातडीचे उपचार शिकलेले, नसतात, प्राथमिक उपचार करणारे असतात. शहराची ही पद्धत मला आवडते. आकडा नीट वाचला तर गाडीचं काम कळतं.

कौंटीत असं नाही. तिथल्या इंजिनवर बहुधा तिघे: कॅप्टन, गाडी-पंप सांभाळणारा फायरफायटर स्पेशालिस्ट आणि एक फायरफायटर. काही केंद्रांत चौघे. ते नंबरावरून कळायचं नाही. कौंटीच्या 'क्विंट'वर शिडी, पंप, पाण्याची टाकी आणि होज सगळं एकत्र असतं, त्यामुळे पाण्यासाठी तिला जोडीदार लागत नाही.

शिवाय कौंटीची स्क्वाड. छोटी गाडी, दोन फायरफायटर-पॅरामेडिक, पण पेशंटला झोपवून न्यायची सोय नाही. नेण्याचं काम सहसा खासगी अॅम्ब्युलन्सचं. छातीत दुखतंय म्हणून फोन केला आणि दारात भलामोठा बंब आला की लोक कुरकुरतात. पण हृदय बंद पडलं तर छाती दाबणारे हात आलटून पालटून लागतात, एकाने श्वास द्यायचा, एकाने औषध. दोघांना ते झेपत नाही, म्हणून स्क्वाडबरोबर इंजिनही पाठवतात.

वणव्यात दोन्ही दलं एकत्र आली की दोन ६९चा गोंधळ नको, म्हणून राज्यभरात दलाचा तीन अक्षरी संकेत वापरतात: कौंटी 'एलएसी', शहर 'एलएफडी'. पाच इंजिनं आणि एक प्रमुख मिळून स्ट्राइक टीम झाली, की टीमला स्वतःचा वेगळा क्रमांक मिळतो.