फ्लॉपीवरून चालणारे जुने संगणक (नागपूर)

१९७० आणि ८० च्या दशकांतले मायक्रोकॉम्प्युटर त्यांच्या मूळ ऑपरेटिंग सिस्टिम आणि डिस्क ड्राइव्हसह पुन्हा चालू करणे, हा संगणक-जतनाचा एक प्रकार आहे. गॅरी किल्डॉल यांची सीपी/एम (१९७४) आणि एमएस-डॉस (१९८१) या त्यातल्या प्रमुख सिस्टिम. मशीन चालू होताच रॉममधला (न पुसल्या जाणाऱ्या मेमरीतला) छोटासा प्रोग्राम फ्लॉपीचा पहिला सेक्टर (चकतीवरचा छोटा, ठरावीक तुकडा) मेमरीत घेतो आणि तो सेक्टर उरलेली सिस्टिम आणवतो. तेवढा एक सेक्टर गेला, की बाकी फ्लॉपी धडधाकट असूनही मशीन सुरू होत नाही. १९८४ च्या क्लास या संगणक-शिक्षण प्रकल्पातून भारतीय शाळांत आलेल्या बीबीसी मायक्रो या ब्रिटिश संगणकाचे तसे नाही. त्याची सिस्टिम रॉममध्येच असते.

नागपुरात मशीनच्या आधी फ्लॉपी खराब होते. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा माळ्यावरच्या लोखंडी पेटीत काय होत असेल ते सांगायला नको. घरात कूलर लावला की उष्मा कमी होतो, पण हवा दमट होते, आणि पाठोपाठ पावसाळा येतोच. दमटपणातून बुरशी धरते. सव्वापाच इंची फ्लॉपीची चकती मधल्या भोकातून बोटाने हळूहळू फिरवत लांबट खिडकीतून उजेडात पाहावी. पांढुरके ठिपके किंवा वर्तुळे दिसली तर ती ड्राइव्हमध्ये मुळीच घालू नये. बुरशी हेडला (ड्राइव्हमधल्या वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या भागाला) चिकटते, हेड चकतीवरचा ऑक्साइडचा थर खरवडतो आणि तोच मळका हेड पुढच्या चांगल्या फ्लॉपीवरही चरे पाडतो. अशा वेळी पाकिटाची कड कापून चकती बाहेर काढतात, शुद्ध पाण्याने धुतात, सावलीत वाळवतात आणि दुसऱ्या स्वच्छ पाकिटात घालून फक्त एकदा, नक्कल करण्यापुरती वाचतात.

ड्राइव्हची जोडीही जमावी लागते. ३६० केबीच्या ड्राइव्हचे ट्रॅक (चकतीवरची मजकुराची वर्तुळे) ४०, तर १.२ एमबीच्या ड्राइव्हचे ८०, आणि त्याचा हेडही अरुंद. या अरुंद हेडने ३६० केबीच्या जुन्या फ्लॉपीवर लिहिले, तर आधीच्या मजकुराच्या कडा शिल्लक राहतात आणि मूळ ड्राइव्ह दोन्ही एकत्र वाचून अडखळतो. म्हणून जुन्या फ्लॉपीवर लिहूच नये. राइट-प्रोटेक्टच्या खाचेवर चिकटपट्टी लावावी, ग्रीझवीझलसारख्या (जुना फ्लॉपी ड्राइव्ह आजच्या संगणकाला जोडणाऱ्या) साधनाने संपूर्ण फ्लॉपीची प्रतिमा, म्हणजे हुबेहूब नक्कल फाइल, उतरवावी आणि रोजच्या वापराला यूएसबी पेनड्राइव्हवरून चालणारा गोटेक ड्राइव्ह बसवावा.

वर्षानुवर्षे बंद असलेले मशीन थेट प्लगला लावणेही धोक्याचे. पॉवर सप्लायमधले कागदी कपॅसिटर ओल शोषून तडकतात आणि धूर सोडतात. मदरबोर्डवरची बॅटरी पाझरली, तर तांब्याच्या रेषा खाऊन टाकते.

मराठी मजकुरासाठी ही खटपट अधिकच मोलाची आहे. जिस्ट कार्ड (संगणकात भारतीय लिपी आणणारे जोडकार्ड) लावून डॉसवर टाइप केलेले देवनागरी लेखन इस्की या संकेतात असते (१९९१ चे भारतीय मानक), आजच्या युनिकोडमध्ये नव्हे. त्यामुळे फाइल सहीसलामत वाचली गेली तरी पडद्यावर निरर्थक चिन्हेच दिसतात. इस्कीचे युनिकोडमध्ये रूपांतर केल्यावरच ती मराठीत वाचता येते.