बुद्धिबळाचा खास चिप आणि ताकदीचा गैरसमज

१९९७ साली आयबीएमच्या डीप ब्लू या बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणकाने तेव्हाच्या जगज्जेत्या गॅरी कास्पारोव्हला ३.५–२.५ असं हरवलं. तेव्हापासून एक समज पक्का बसलाय: खास हार्डवेअर असेल तरच प्रोग्राम तगडा होतो. हे अर्धसत्य आहे.

डीप ब्लूत बुद्धिबळासाठीच घडवलेले ४८० चिप होते आणि ते सेकंदाला पटावरच्या सुमारे २० कोटी स्थिती तपासायचे. आजचा साधा लॅपटॉप स्टॉकफिश हा बुद्धिबळाचा प्रोग्राम चालवताना त्याहून कितीतरी कमी स्थिती बघतो, तरी खेळतो बराच सरस. कारण निरर्थक चालींच्या फांद्या तो लवकर छाटतो आणि स्थितीची पारखही त्याला जास्त अचूक जमते. शिवाय चिपमध्ये कोरलेलं मूल्यमापन सहज बदलता येत नाही. सॉफ्टवेअर रोज सुधारता येतं.

मग हार्डवेअर बिनकामाचं? तसं नाही. लीला हा न्यूरल नेटवर्कवर (उदाहरणांवरून शिकलेल्या गणिती जाळ्यावर) चालणारा दुसरा बुद्धिबळ प्रोग्राम ग्राफिक्स कार्डावरच खुलतो. स्टॉकफिशला मात्र महागडं कार्ड लावून काडीचा फायदा नाही, कारण त्याचं छोटं न्यूरल नेटवर्क प्रोसेसरवरच चालतं.

खरी गफलत सेटिंगमध्ये होते. स्टॉकफिश मुळात १ थ्रेड (एका वेळी चालणारा हिशेबाचा एक धागा) आणि १६ एमबी हॅशवर (तपासलेल्या स्थिती लक्षात ठेवायची रॅममधली जागा) सुरू होतो. आठ कोअर असले तरी सात रिकामे बसतात. थ्रेड वाढवा, हॅश १०२४ एमबी करा. पण रॅमपेक्षा जास्त हॅश दिलात तर डिस्कवर अदलाबदल सुरू होऊन वेग कोसळतो. एव्हीएक्स२ (एका फटक्यात अनेक आकडे हाताळणाऱ्या सूचना) असलेल्या प्रोसेसरवर त्या सूचना न वापरणारी, जुन्या प्रोसेसरसाठीची बिल्ड (प्रोग्रामची तयार प्रत) चालवली तरी तेच रडगाणं. ‘बेंच’ ही वेग मोजणारी आज्ञा देऊन दोन्ही बिल्डचा वेग ताडून पाहा.