पंट करणाऱ्या संघात कोण येतं?

आयोवा विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉल संघ २०२३ च्या हंगामात १४ सामने खेळला आणि १० जिंकला. गुणांची सरासरी मात्र सामन्यामागे जेमतेम १५.४ होती. आक्रमणात किती यार्ड कमावले या हिशेबाने तर पहिल्या श्रेणीतल्या १३३ संघांत त्याचा नंबर शेवटचा लागला. त्या वर्षी संघाचा सर्वांत गाजलेला खेळाडू होता मेलबर्नहून आलेला टोरी टेलर. त्याचं काम एकच, चेंडू लाथेने लांब भिरकावून प्रतिस्पर्ध्याच्या हवाली करणं. यालाच पंट म्हणतात. एका हंगामात त्याने ४,४७९ यार्डांचे पंट मारले आणि १९३८ पासूनचा विक्रम मोडला.

या खेळात १० यार्ड पुढे सरकायला चार प्रयत्न मिळतात, त्यांना डाऊन म्हणतात. तीन डाऊनमध्ये जमलं नाही, तर चौथ्यावर कोचला निर्णय घ्यावा लागतो. धोका पत्करून खेळायचं (फसलं तर चेंडू तिथेच प्रतिस्पर्ध्याकडे जातो), गोल जवळ असेल तर किक मारून ३ गुण पदरात पाडायचे, की पंट करून चेंडू लांब पाठवायचा?

अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रोमर यांनी २००६ मध्ये व्यावसायिक लीगच्या सामन्यांवरून हाच प्रश्न तपासला. त्यांचं एक उदाहरण फार बोलकं आहे. गोलरेषा २ यार्डांवर आहे आणि डाऊन चौथा आहे. किक मारली तर ३ गुण जवळजवळ नक्की. टचडाऊनचे, म्हणजे चेंडू गोलरेषेपार नेण्याचे, (जादा किकसह) ७ गुण मिळण्याची शक्यता साधारण सातात तीन, म्हणजे सरासरी पुन्हा ३ गुणच. मग फरक कुठे पडतो? प्रयत्न फसला तर प्रतिस्पर्ध्याला स्वतःच्या गोलरेषेला खेटून, २ यार्डांवरून सुरुवात करावी लागते. किकचे गुण घेतले तर त्याला बरीच मोकळी जागा मिळते. म्हणून हिशेब धोका पत्करायला सांगतो. प्रत्यक्षात, जिथे खेळणं फायद्याचं होतं तिथेही संघांनी दहापैकी जवळपास नऊ वेळा किक किंवा पंटच केला होता.

याचं नेहमीचं स्पष्टीकरण म्हणजे दोषाची भीती. धाडस फसलं की खापर कोचच्या डोक्यावर फुटतं, पंट करून हरलं तर खेळाडूंवर. आयोवाचे कोच कर्क फेरेंट्झ यांना हे पूर्ण लागू पडत नाही. ते १९९९ पासून त्याच खुर्चीत आहेत. त्यांच्या सावधपणामागे ठोस गणित आहे. रोमर यांचे आकडे सरासरी संघाचे आहेत. २०२३ मधल्या आयोवाचा बचाव सामन्यामागे १५ पेक्षा कमी गुण देत होता आणि आक्रमण लंगडं होतं. अशा संघाने पंट करून समोरच्याला ८० यार्ड चालायला लावणं बरेचदा योग्यच ठरतं.

माझ्या मते खरी गोम इथेच आहे. एकेक पंट सुटा पाहिला तर बरोबर असू शकतो, पण अशा शेकडो निर्णयांमधून पुढच्या वर्षी संघात कोण येणार हेही ठरत जातं. शाळेत शिकणारा सतरा वर्षांचा चपळ रिसीव्हर, म्हणजे हाताने फेकलेले पास झेलणारा खेळाडू, कॉलेज निवडताना बघतो की तिथे आपल्याकडे किती पास येतील. जिथे पास कमी तिथे तो जात नाही. तो नाही म्हणून पास आणखी कमी होतात आणि कोचला पंट करणं आणखी शहाणपणाचं वाटतं.

चार्ली जोन्सचं उदाहरण घ्या. २०२१ मध्ये आयोवाकडून त्याने २१ पास झेलले. त्याच वर्षी कॉलेज बदलल्यावर एक वर्ष बाहेर बसण्याची सक्ती उठली होती. २०२२ मध्ये तो पर्ड्यू विद्यापीठात गेला आणि त्याने ११० पास झेलले, १,३६१ यार्डांचे. सगळं श्रेय शैलीला देता येत नाही, कारण पर्ड्यूचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा खेळाडू, त्याचा लहानपणापासूनचा मित्र होता. तरी पाचपट फरक डोळ्यांत भरतोच, आणि तो शाळांमधल्या पोरांनीही पाहिलेला असतो.

दुसरीकडे याच सावध शैलीकडे वेगळ्या प्रकारचे खेळाडू ओढले जातात आणि तिथे ते विलक्षण घडतात. धावून खेळायचं तर समोरच्याला रेटणारे लाइनमन आणि रेटणं व पास झेलणं दोन्ही करणारे टाइट एंड लागतात. टायलर लिंडरबॉम बचावाच्या फळीत भरती झाला, फेरेंट्झच्या संघाने त्याला सेंटर, म्हणजे आक्रमणाच्या फळीतला मधला लाइनमन, बनवलं आणि २०२२ मध्ये व्यावसायिक संघ कॉलेजांतले खेळाडू निवडतात त्या निवडीच्या पहिल्याच फेरीत तो गेला. २०१९ मध्ये टी. जे. हॉकन्सन आणि नोआ फँट हे दोन टाइट एंड एकाच कॉलेजातून पहिल्या फेरीत निवडले गेले. असं पूर्वी कधीच घडलं नव्हतं. जॉर्ज किटलने आयोवातल्या सगळ्या कारकिर्दीत मिळून ७३७ यार्ड झेलले होते. व्यावसायिक लीगमध्ये २०१८ च्या एकाच हंगामात त्याने १,३७७ यार्ड झेलले. कॉलेजातल्या आकड्यांत त्याची कुवत दिसलीच नव्हती. अर्थात किटल आपल्याला आठवतो, तिथेच राहून मागे पडलेले आठवत नाहीत. घडवण्याच्या कौतुकाला ही कात्री लावायलाच हवी.

या शैलीची मर्यादा त्याच २०२३ च्या शेवटी उघडी पडली. आयोवा ज्या गटात खेळतो त्या बिग टेन परिषदेच्या अंतिम सामन्यात मिशिगनकडून २६-०, मग टेनेसीकडून ३५-० असा पराभव झाला. बरोबरीच्या संघाशी सामना चुरशीचा ठेवला की कमी चुका करणारा जिंकतो. वरचढ संघापुढे चुका टाळून भागत नाही. तिथे एखादी अनपेक्षित झेप लागते आणि ती घेणारा खेळाडू भरतीच झालेला नसतो.

२०२४ मध्ये आक्रमणाची सूत्रं फेरेंट्झ यांच्या मुलाकडून टिम लेस्टर यांच्याकडे गेली आणि सरासरी २७.७ गुणांवर पोहोचली. त्यातला मोठा वाटा मात्र केलेब जॉन्सनच्या धावण्याचा होता, १,५३७ यार्डांचा. चेंडू अजून जमिनीवरूनच पुढे जात होता. पुढच्या हंगामासाठी क्वार्टरबॅकही शाळेतून घडवत आणला नाही, साउथ डकोटा स्टेटमधून तयार आणला. क्वार्टरबॅक असा बाहेरून आणता येतो, पण त्याचे पास झेलायला शाळेतली पोरं आपणहून आयोवा निवडू लागतील का, हे पुढच्या दोन-तीन भरत्यांमध्ये कळेल.